बहाई धर्मनेत्यांची विरोधकांना उद्देशून असलेली भाषा : टीका नेमकी कशावर करायची?

शिळाछाप
बहाई धर्माविषयी मराठीत दोनच प्रकारचं लिखाण सापडतं. एक दिल्लीच्या कमळमंदिराचं कौतुक, दुसरं सरसकट निंदा. मला या दोन्हींच्या मधलं बोलायचंय. मानवजात एक आहे, सर्व धर्मीयांशी स्नेहाने वागा, असं सांगणाऱ्या या धर्माच्या मूळ ग्रंथांत विरोधकांविषयी फार कडक शब्द आहेत. टीकाकार हे शब्द वेचून दाखवतात आणि श्रद्धावान 'संदर्भ बघा' म्हणतात. तिथेच चर्चा थांबते.

आधी विरोधक कोण ते वेगळं करू. पहिले बाहेरचे, म्हणजे इराणी मुल्ला, शाह आणि ऑटोमन वजीर. दुसरे अझली, म्हणजे बहाउल्लांच्या आधीचा इराणी धर्मप्रवर्तक बाब, त्याच्या अनुयायांपैकी ज्यांनी बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांच्याऐवजी त्यांचा सावत्र भाऊ मिर्झा याह्या 'सुब्ह-इ-अझल' याला मानलं. तिसरे घरातले. बहाउल्ला 1892 मध्ये वारल्यावर त्यांचे पुत्र आणि वारस अब्दुल-बहा यांच्या विरोधात उभा राहिलेला सावत्र भाऊ मिर्झा मुहम्मद अली आणि पुढे अब्दुल-बहांचे नातू आणि वारस शोगी एफेंदी यांचे स्वतःचे नातेवाईक हे या गटात येतात.

माझं मत असं की शब्द कडक आहेत ही टीका वरवरची आहे. खरी अडचण अशी की पहिल्या पिढीत शिवीबरोबर युक्तिवादही असायचा, पुढे शिवी राहिली आणि युक्तिवाद आटत गेला. पटत नसेल तर ग्रंथातल्या जागेसकट सांगा.

रेवाकाठ
विषय उत्तम. फक्त 'शिवी' हा शब्द मला जड वाटतो. 'दूषण' म्हणूया.

पैलतीर
पहिल्या पिढीबद्दल शिळाछाप यांच्याशी सहमत. त्याचा सर्वांत चांगला नमुना 'किताब-इ-ईकान'मध्ये आहे. हे बहाउल्लांचं पुस्तक बगदादमधलं, 1861-62 च्या सुमाराचं. त्यात करमानचा शेखी या शिया पंथाचा प्रमुख हाजी मुहम्मद करीम खान याच्यावर काही पानं आहेत.

करीम खानने 'इर्शादुल-अवाम' नावाचं पुस्तक लिहिलं. पैगंबरांचा मेराज, म्हणजे स्वर्गारोहण, समजायला वीसएक शास्त्रं यावी लागतात असं त्यात म्हटलं, आणि त्या यादीत किमयाशास्त्रही घातलं. स्वतःचा उल्लेख मात्र त्याने नम्रपणे 'असीम', म्हणजे पापी, असा केला होता. बहाउल्लांनी कुराणाच्या 44 व्या सुऱ्यातल्या आयती उचलल्या. नरकातल्या झक्कूमच्या झाडाचं फळ हे 'असीम'चं अन्न आहे, असं तिथे आहे. थोडं पुढे त्याच पाप्याला म्हटलंय की चाख आता, तू तर मोठा बलवान आणि 'करीम' ना! दोन्ही शब्द तिथे आयते आहेत. त्याने स्वतः लावलेलं विशेषण आणि त्याचं नाव एकाच उताऱ्यात सापडल्यामुळे श्लेष असा बसलाय की बहाउल्लांना पदरचा एक शब्दही घालावा लागला नाही.

आता हे बोचरं आहेच. पण त्याच्या आधी मुद्दा मांडून झालेला आहे. हे सगळे विषय पढणं ही ईश्वरी ज्ञानाची अट असेल, तर निरक्षर पैगंबरांनी आणि साध्यासुध्या सोबत्यांनी काय करायचं? श्लेष काढून टाकला तरी मुद्दा जिवंत राहतो. अशा लिखाणाला मी वादाचं लिखाण म्हणेन. निव्वळ निर्भर्त्सना नाही म्हणणार.

शिळाछाप
अगदी नेमकं! 'श्लेष काढला तरी मुद्दा राहतो का' ही कसोटी आपण या धाग्यापुरती पक्की धरू.

दौतटाक
कसोटी चांगली आहे, पण ती लावण्यापूर्वी काळ बघायला हवा. एकोणिसाव्या शतकातल्या इराणमध्ये 'रद्द', म्हणजे खंडनग्रंथ, हा लेखनाचा रुळलेला प्रकार होता. त्यात प्रतिस्पर्ध्याला लांडगा, सर्प, दज्जाल म्हणणं सर्रास चालायचं. मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनपीठावरून, नाव घेऊन लानत पाठवणं तर शिया प्रथेतच होतं. बहाउल्लांनी उत्तरायुष्यातल्या लिखाणात शिव्याशाप आणि लानत यांनी जीभ विटाळू नका असं अनुयायांना स्पष्ट बजावलं. त्या काळात हे पाऊल पुढचंच होतं.

आणि बहाउल्लांनी 'लांडगा' कुणाला म्हटलं तेही पाहा. इस्फहानचा शेख मुहम्मद बाकिर म्हणजे लांडगा आणि तिथला इमाम-जुमा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचा प्रमुख, म्हणजे सर्पिणी. 1879 मध्ये इस्फहानमधल्या दोन सय्यद व्यापारी भावांचा शिरच्छेद झाला, त्यामागे हे दोघे होते. इमाम-जुमा त्या भावांचं मोठं देणं लागत होता. धनको मेले की कर्ज बुडालं. अशा माणसाला सर्पिणी म्हटलं म्हणून आज आपण भाषेचं परीक्षण करत बसायचं?

रेवाकाठ
@दौतटाक, पीडिताचा राग मान्य. पण मग त्या शेखच्या मुलाला 1891 च्या सुमारास लिहिलेल्या दीर्घ पत्राचं काय? ते पत्र आज 'लांडग्याच्या पुत्रास' याच नावाने ओळखलं जातं. मुलगा आगा नजफी हाही छळ करणाराच होता, हे खरं. तरी पत्रात त्याला वारंवार 'हे शेख' असंच संबोधलंय, पश्चात्तापाची प्रार्थना शिकवलीय, स्वतःच्या जुन्या लेखांतले लांबलचक उतारे देऊन आपली बाजू मांडलीय. आतला सूर बराच मऊ आहे आणि वेष्टनावरचं नाव कडक. वाचक आधी नाव वाचतो आणि त्याच चष्म्यातून पत्र.

सह्यकडा
टोपणनावावरून आठवलं. फारसी मजकूर हाती आला की तो कोणत्या बाजूचा आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे नावं. 'हजरत-इ-अझल' किंवा 'सुब्ह-इ-अझल' असं आदराने आलं तर अझली. नुसतं 'याह्या' आलं तर बहाई. उलट बाजूने अझली लेखक बहाउल्ला हे नाव टाळून 'मिर्झा हुसेन अली' लिहितात. पुढच्या फुटीत अब्दुल-बहांचे लोक स्वतःला 'साबितीन', म्हणजे ठाम राहिलेले, आणि समोरच्यांना 'नाकिझीन', म्हणजे करार मोडणारे, म्हणत. मुहम्मद अलीचे लोक स्वतःला 'मुवह्हिदून', एकेश्वरवादी, म्हणवून घेत. म्हणजे समोरचे देवाच्या बरोबरीला माणूस बसवणारे, असं न बोलताच सुचवलं. टीका करायची तर ही दुतर्फा सवय धरून करा.

पैलतीर
+१. बहाउल्लांच्या हद्दपारीच्या काळातल्या, ऑटोमन शहर एदिर्नेतल्या विषप्रयोगाचंही तसंच. बहाई कथनात याह्याने बहाउल्लांवर विषप्रयोग केला, अझली कथनात नेमकं उलटं. दोन्हीकडचे आरोप आरशात पाहिल्यासारखे आहेत.

शिळाछाप
दोन्ही बाजू कडक होत्या हे मान्यच. पण एक बाजू पुढे जगभर पसरलेली धर्मसंस्था झाली, दुसरी जवळजवळ संपली. उरलेल्याच्या शब्दांना जास्त वजन येतं, म्हणून जास्त तपासणीही त्यांचीच.

बहाउल्लांच्या नियमग्रंथाचा, 'किताब-इ-अक्दस'चा, 184 वा परिच्छेद जवळून बघू. ग्रंथ 1873 च्या सुमाराचा, पॅलेस्टाइनमधल्या अक्का या कैदेच्या गावातला. परिच्छेद मिर्झा याह्याला उद्देशून आहे. सुरुवातीलाच त्याला विकृतीचं मूळ म्हणून हाक मारलीय. लगेच पुढे त्याच्यासाठी आपण रडलो असं म्हटलंय, मग त्याला रात्रंदिवस मायेने वाढवल्याची आठवण दिलीय आणि देवाकडे नम्र होऊन परत ये, तो तुझी पापं पुसून टाकेल, असं आवाहन केलंय. इथवर मला तो भावाने भावाला लिहिलेला मजकूर वाटतो. राग आहे, माया आहे, दारही उघडं आहे.

पण मध्येच एक वाक्य येतं, की तुला ज्याने भरकटवलं त्याला देवाने पकडलं. छापील टीपांनुसार हा रोख सय्यद मुहम्मद इस्फहानीकडे आहे. जानेवारी 1872 मध्ये अक्क्यात त्याला आणि आणखी दोघा अझलींना बहाउल्लांच्याच काही अनुयायांनी ठार मारलं होतं. माणसाच्या हातून झालेला खून, आणि ग्रंथात तो देवाची पकड म्हणून येतो. माझी सर्वांत मोठी हरकत इथे आहे. शब्द किती तिखट हा प्रश्नच नाही. कर्ता बदललाय.

दौतटाक
हा मुद्दा गंभीर आहे, पण अर्धा सांगितलात. त्या खुनानंतर बहाउल्लांनाच ताब्यात घेऊन चौकशी झाली होती. त्यांनी खुनाचा निषेध केला. माझ्या कैदेने मला इजा होत नाही, माझं नाव लावणाऱ्यांच्या कृत्यांनी होते, या आशयाचं त्यांचं वचन बहाई परंपरेत याच प्रसंगाशी जोडलं जातं. दोन्ही वाक्यं एकाच लेखणीची आहेत. 'देवाने पकडलं' ही कुराणी शैली आहे, आद आणि समूद या जमातींच्या नाशाबद्दलही तशीच भाषा येते. घटनेचं नैतिक उत्तरदायित्व एका बाजूला, तिचा दैवी अर्थ दुसऱ्या. सेमिटिक धर्मग्रंथांत हे दोन्ही शेजारी नांदतात.

रेवाकाठ
शेजारी नांदतात खरं. पण नित्यपठणातला ग्रंथ अक्दस आहे. निषेधाचं वचन शोधावं लागतं, अक्दस घरोघरी असतो.

सह्यकडा
थोडं विषयांतर. अक्दसची पहिली छापील आवृत्ती आपल्या मुंबईची, हिजरी 1308 ची, म्हणजे 1890-91. इराणमध्ये हा मजकूर छापणं अशक्य होतं, मुंबईत फारसी शिळाछापखाने होते आणि बाबच्या नातलगांपैकी अफनान मंडळींचा व्यापारही. (शिळाछाप, तुमचं सदस्यनाम या धाग्याला शोभतं.) त्या छपाईकामासाठी बहाउल्लांनी मुंबईला पाठवलं होतं ते मिर्झा मुहम्मद अलीला, म्हणजे पुढे ज्याला बंडाचं केंद्र ठरवलं त्यालाच. सुलेखनात तो वाकबगार होता. नंतर बहाई लेखकांनी त्याच्यावर मजकुरात फेरफार केल्याचा आरोप केला. तेव्हा मुंबईच्या जुन्या प्रती पाहणाऱ्याने छापील पाठ हस्तलिखिताशी ताडून बघावा, आरोप आहे म्हणून फेकू नये आणि छापील आहे म्हणून डोळे मिटून घेऊही नये.

अबोली_वाई
मी या विषयात नवीन आहे. पाचगणीची बहाई शाळा, 1945 सालची, एवढंच माहीत होतं. एक सरळ प्रश्न. धर्म सोडला की माणूस 'करार मोडणारा' ठरतो का? आणि तसं ठरवतं कोण?

पैलतीर
@अबोली_वाई, नाही. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, टीकाकारांचाही. तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

कुणी राजीनामा दिला, श्रद्धा उरली नाही म्हणाला, तर नाव यादीतून जातं. त्याच्याशी बोलणं, जेवणखाण, नातं सगळं चालू राहतं.

कुणी बहाई राहूनच नियम उघडपणे मोडले, तर राष्ट्रीय आध्यात्मिक सभा त्याचे प्रशासकीय हक्क काढू शकते. म्हणजे मतदान नाही, निवडून येणं नाही, एकोणीस दिवसांच्या मेळ्याच्या बैठकीला येणं नाही, निधीला देणगी देता येत नाही. बोलणंचालणं मात्र राहतं. चूक सुधारली की हक्क परत मिळतात.

तिसरं म्हणजे 'नाकिझ' ठरणं. स्वतःला बहाई म्हणवून घेत मध्यवर्ती अधिकार नाकारला, पर्यायी नेतृत्व उभं केलं, तर. आधी संस्थेने नेमलेले सल्लागार त्या माणसाशी बोलतात, समजूत घालतात. स्थानिक किंवा राष्ट्रीय सभेला हा निर्णय घेता येत नाही. शेवटचा शब्द हैफाच्या विश्व न्याय मंदिराचा, म्हणजे बहाईंच्या सर्वोच्च निर्वाचित संस्थेचा. एकदा ठरलं की बहाईंनी त्याच्याशी संबंध तोडायचे, घरच्यांनीसुद्धा.

चुकतं कुठे, तर 1990 च्या दशकाच्या अखेरीस चौथाच प्रकार दिसला. काही जणांना नाकिझ न ठरवता, राजीनामाही न घेता, तुम्ही बहाईपणाच्या अटी पूर्ण करत नाही असं कळवून यादीतून वगळलं गेलं. वरच्या तीन खणांत हे कुठेच बसत नाही, आणि त्यावरची टीका मला रास्त वाटते.

अबोली_वाई
धन्यवाद, आता नीट कळलं. पण घरच्यांनीसुद्धा, हे वाचून पोटात गोळा आला.

शिळाछाप
त्या 'घरच्यांनीसुद्धा'चा उगम अब्दुल-बहांच्या मृत्युपत्रात आहे. तीन भागांत लिहिलेलं, ते वारल्यावर जानेवारी 1922 मध्ये वाचलं गेलं. त्यात मुहम्मद अलीला बंडाचं केंद्र म्हटलंय, त्याच्यापासून पूर्ण दूर राहा असं बजावलंय. शेवटच्या काळात अमेरिकेतल्या अनुयायांना लिहिताना त्यांनी क्षयाची उपमा वापरली, की एक क्षयरोगी हजार निरोग्यांत मिसळला तर हजारांच्या आरोग्याने तो बरा होत नाही, त्याचाच रोग इतरांना लागतो.

पैलतीरांची कसोटी लावा. उपमा काढली तर काय उरतं? रोग्याशी वाद घालायचा नसतो, त्याला वेगळं ठेवायचं असतं. म्हणजे उपमाच युक्तिवादाची जागा घेते.

दौतटाक
पुन्हा परिस्थिती सांगतो. मृत्युपत्राचा पहिला भाग लिहिताना अब्दुल-बहा ऑटोमन कैदी होते. विरोधी भावंडांकडून सरकारकडे तक्रारी जात होत्या, चौकशी आयोग येत होते, वाळवंटात हद्दपारीची टांगती तलवार होती. 1908 च्या तरुण तुर्क क्रांतीनंतर सुटका झाली. तिथे युक्तिवादाने काय साधणार होतं? आणि मृत्यूनंतर दोनच महिन्यांत मुहम्मद अलीच्या माणसांनी अक्क्याजवळ बहजी इथल्या बहाउल्लांच्या समाधीची किल्ली हिसकावली, ती परत मिळवायला ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे जावं लागलं. संसर्गाची भीती कल्पित नव्हती.

रेवाकाठ
भीती खरी होती, उपाय तिप्पट मोठा होता. शोगी एफेंदींनी पुढच्या पस्तीस वर्षांत भाऊ, बहीण, मावसभावंडं एकेक करून बाहेर काढली. काहींचा दोष विरोधी शाखेत सोयरीक करणं हा होता. अब्दुल-बहांनी मृत्युपत्रात शोगींना धर्मसंरक्षक नेमलं होतं, आणि त्यानुसार पुढचा धर्मसंरक्षक त्यांचा मुलगा किंवा वंशशाखेतला दुसरा पुरुष असायला हवा होता. मूल नव्हतं. नोव्हेंबर 1957 मध्ये लंडनला ते अचानक गेले तेव्हा त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र सापडलं नाही आणि नेमता येण्याजोगा वंशातला एकही पुरुष समाजात उरला नव्हता. धर्मसंरक्षकांची परंपरा एकाच माणसावर संपली. संसर्गाची भाषा अशी घराण्याच्या मुळावर आली.

सह्यकडा
हे मी मान्य करतो. आणि शोगी एफेंदींच्या 1944 च्या 'गॉड पासेस बाय'मध्ये सय्यद मुहम्मदला बहाई प्रकटीकरणाचा ख्रिस्तविरोधी म्हटलंय. तिथे अझली काय म्हणत होते हे वाचकाला जवळजवळ कळतच नाही. उलट बहाउल्लांचा एदिर्नेतला 'किताब-इ-बदी' बघा. भाषा जहाल आहे, पण विरोधकाच्या पत्राचा तुकडा न् तुकडा उद्धृत करून मग उत्तर दिलंय. विरोधकाचं म्हणणं आज आपल्याला कळतं ते त्या उत्तरामुळेच. शिळाछाप यांचा मूळ मुद्दा या दोन पुस्तकांच्या तुलनेत सिद्ध होतो.

पैलतीर
एक सावधगिरी. हीच टीका इराणमध्ये सरकारी प्रचारात वापरली जाते. 1979 नंतर तिथे 200 हून अधिक बहाईंना मारलं गेलं. 1930 च्या दशकात रशियन राजदूत दोल्गोरुकोव्हच्या नावाने बनावट आठवणी छापून हा धर्म म्हणजे रशियाचं कारस्थान ठरवला गेला, आणि ते अजून फिरतंय. म्हणून फारसी संकेतस्थळावरून उतारा उचलताना तो कुणाला उद्देशून आहे, अरबी मूळ की फारसी, कोणत्या वर्षीचा, आणि आधीनंतरची चार वाक्यं कोणती, हे पाहिल्याशिवाय इथे डकवू नका. विशेषतः 'अग्नी' आणि 'मृत' हे शब्द. ते बहुतेक वेळा आध्यात्मिक अवस्थेबद्दल असतात, धमकी म्हणून वाचले जातात.

अबोली_वाई
वाचताना एक शंका आली. 184 वा परिच्छेद मराठीत आणायचा तर याह्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? 'तू' म्हटलं की आपोआप अपमान वाटतो.

सह्यकडा
फार चांगली शंका. अरबीत 'अन्त' एकच, त्यात मान-अपमान नाही. बहाउल्ला शाहलाही त्याच सर्वनामाने संबोधतात आणि देवालाही. आपल्याकडेही देवाला आणि आईला 'तू'च. तेव्हा 'तू' बरोबर. बिघडतं ते 'अरे' घातल्यावर. मुळात नुसतं संबोधन आहे, 'अरे'तली तुच्छता मराठी अनुवादक पदरची घालतो.

दौतटाक
सहमत. आणि 'विकृतीचं मूळ' ऐवजी 'भरकटण्याचं मूळ' जास्त जवळ जाईल. मराठीत 'विकृती' म्हटलं की लैंगिक छटा येते, ती मुळात नाही.

शिळाछाप
'भरकटण्याचं मूळ' पटलं. तसंच पुढच्या 'ज्याने तुला भरकटवलं' याच्याशी तो शब्द जुळतोही, म्हणजे मराठीत तरी एकाच शब्दाचा धागा येईल. 'देवाने पकडलं' मात्र मी तसंच ठेवणार आणि खाली टीप देणार : जानेवारी 1872, अक्का, तीन माणसं, मारणारे कोण. दौतटाक यांनी सांगितलेलं निषेधाचं वचनही त्याच टिपेत घेतो, वेगळ्या पानावर नाही.

दौतटाक
त्याच टिपेत असेल तर माझी हरकत नाही.